ओटा कोणाच्या मापाचा

आदरणीय आत्याबाईंना टेंभुर्णीहून संघपालचा वाकून जयभीम.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? उजवा बरा असल्याचं तात्या म्हणाले, म्हणून फक्त डाव्याचं विचारतो. काकासाहेब मामांनाही जयभीम सांगा (त्यांना नावानं हाक मारायची म्हटली की एका दमात काकाही होतो आणि मामाही, म्हणून मी लहानपणापासून नुसतं 'अहो' म्हणत आलो, ते उद्धटपणात धरू नये). अंबडला थंडी पडली असेल, मफलर वापरत जा. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजून भरताच्या वांग्यासारखा झाला आहे आणि हे पत्र मी पाय उशीवर ठेवून लिहीत आहे. अंगठ्याचं कारण पुढे येईलच, कारण सगळ्या गोष्टी शेवटी त्या अंगठ्यापाशीच येऊन थांबल्या.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्हीच तात्यांकडून निरोप धाडला होता की ह्या पोरानं माझं बोलणं निम्म्यात तोडून फोन आपटला, आता राग नाकावरून खाली येईपर्यंत मला फोन करायचा न्हाई, काय ते लिहून कळवायचं. आधी मला ह्या निरोपाचाच राग आला. मंग विचार केला, बराबर आहे. फोनवर तोंड थांबत नाही, कागदावर हात थांबतो. ह्या पत्रात जिथं जिथं खाडाखोड दिसेल तिथं मला राग आल्ता असं समजून पुढं वाचावं.

तर बातमी अशी की आपल्या घरी नवं किचन होऊन राह्यलंय. मूळ काम एका कडप्प्याचं होतं. ओट्याचा कोपरा उडाला होता (कुकर मीच आदळला होता, तो विषय आता संपला आहे) आणि तात्यांनी मला जाफराबादला एका कडप्प्याचा भाव काढायला पाठवलं. एसटीतून रिटायर झाल्यापासून तुमचे हे बंधुराज घरातली कामं डेपोतल्या ड्यूट्यांसारखी लावतात. आई कायम लांब पल्ल्याला, मी राखीव. मी गेलो. बाजाराच्या तोंडाशी एक नवं काचेचं दुकान दिसलं. आत लालभडक चकचकीत किचन मांडून ठेवलेलं, जसं काही कुणी सैपाक आटपून नुकतंच गावाला गेलंय. आणि कॉम्प्युटरसमोर एक मुलगी बसलेली. मी विचारलं, कडप्पा आहे का? ती मान वर न करता म्हणाली, "सुटा कडप्पा न्हाई ठेवत आम्ही. पूर्ण किचन करतो." मंग तिनं मान वर केली. आत्या, मी म्हणालो, "मंग पूर्णच पाहिजे."

तिचं नाव साक्षी. दुकान धर्मराज मिस्तरींचं. ते कापतात, ठोकतात आणि बोलतात (ह्यातलं शेवटचं काम ते जास्त मन लावून करतात). साक्षी संभाजीनगरहून इंटेरिअरचा कोर्स पूर्ण करून आलेली आहे, नकाशे तीच काढते. जाफराबादचीच आहे, आपल्याच समाजाची आहे, वडील शिक्षक आहेत, मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं आहे. ही सगळी माहिती मी तुम्हाला केवळ किचनच्या संदर्भात देत आहे.

घरी येऊन मी जे भाषण केलं तसं मी कॉलेजच्या गॅदरिंगलाही केलं नव्हतं. आईचे हाल, आईची कंबर, आईचा धूर, आईनं आयुष्यभर काय सोसलं. आई तिथंच बसून लसूण सोलत होती. ती माझ्याकडं अशी बघू लागली जशी एखाद्या गिऱ्हाइकानं भाव न करता पैसे काढले की दुकानदार बघतो. पण तात्या विरघळले. त्यांनी फंडाच्या पैशातून सव्वा लाख जाहीर केले आणि वर सांगितलं, "टाकीत डिझेल जेवढं, गाडी तेवढीच पळंल. मधात ढकलायला मी उतरनार न्हाई."

लगेच मागण्या सुरू झाल्या. तात्यांना चिमणी पाहिजे, कारण शेजारच्या अप्पारावांकडं आहे. ती चिमणी मी पाहिली आहे. चालू केली की पलीकडच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत नाही, आणि सैपाकाच्या वेळेला नेमकी लाइट जाते म्हणून ती बहुतेक गप्पच असते. पण गप्प चिमणीलाही गावात मान आहे. मला पाहिजे होते ते आवाज न करता हळू बंद होणारे ड्रॉवर, कारण साक्षी म्हणाली होती की आजकाल सगळे तेच घेतात. आईला काय पाहिजे हे विचारायचं राहून गेलं. तिनंच मधे एक शंका काढली, "म्हंजे तो ड्रॉवर आदळताच येत न्हाई? मंग राग आल्यावर माणसानं आदळायचं काय?" आपल्या खानदानात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण आम्ही दोघं बाप-लेक चिमणीवरून भांडत होतो, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.

साक्षीनं पहिला हिशोब काढला तो दोन लाखांच्या वर गेला. तात्यांनी तो हातात घेतला आणि रस्त्यात गाडी थांबवून तपासणीला चढलेल्या साहेबासारखा एकेक नग खाली उतरवला. हे काचेचं दार कशाला चढलं? उतरव. ही बाटल्यांची उभी जाळी कुणाची? उतरव. कोपऱ्यातली फिरती ट्रॉली बघून म्हणाले, हे वळण फार आखूड आहे, तुझ्या आईला इथं रिव्हर्स यायचं न्हाई. चिमणीपाशी आले, चष्मा पुसला आणि पुढं गेले. चिमणी पासवर होती.

आता आत्या, शहाण्या माणसानं एका खेपेत सगळे बदल सांगून काम उरकलं असतं. मी एका खेपेत एकच बदल सांगायचो. सोमवारी ट्रॉली, गुरुवारी रंग, शनिवारी रंग पुन्हा पहिल्यासारखा. टेंभुर्णी ते जाफराबाद जीपवाले मला न विचारता जागा धरू लागले. सनमायकाचे नमुने मी इतके बघितले की बी.एस्सी.ला एवढं बघितलं असतं तर आज विद्यापीठात पहिला असतो. एकदा साक्षी वैतागून म्हणालीच, "तुमच्या घरी सैपाक होतो का हो कधी, का नुस्ते नकाशेच खाता?" मी त्यावर एवढा मनापासून हसलो की तिनं धर्मराज मिस्तरींना आतून बोलावून घेतलं.

मंग कल्याणचा प्रसंग झाला. एके दिवशी मी गेलो तर माझ्या खुर्चीवर (म्हणजे गिऱ्हाइकाच्या, पण चहावालाही आता तिला माझीच समजायचा) गॉगल कपाळावर चढवलेला एक इसम बसला होता आणि साक्षीला म्हणत होता, "मॅडम, कलर तुमाला जो आवडंल तोच टाका." आत्या, हे वाक्य मी स्वतः तीन खेपांपासून मनात जुळवून राह्यलो होतो! माझ्या डोक्यात असा जाळ झाला की समोर त्या लाल किचनचा ड्रॉवर उघडा दिसला तो मी अंगातल्या सगळ्या जोरानिशी ढकलला. दुकान हादरलं पाहिजे, काच तडकली पाहिजे, ह्या हिशोबानं. ड्रॉवर सुसाट गेला, आणि चार बोटं राहिली तिथं थबकला. गुरुजींनी डोळे वटारल्यावर पोरगं जसं हळूच खाली बसतं तसा, जराही आवाज न करता, आत जाऊन बसला. मी परत उघडला. परत ढकलला. परत तेच. माझ्या रागाचा असा अपमान आजपर्यंत कुण्या माणसानंही केला नव्हता. साक्षी तोंडाला ओढणी लावून हसत होती. "कितीबी जोर लावा," ती म्हणाली, "तो आपल्याच चालीनं बसतो." तो कल्याण तर बिचारा नवा नवरदेव निघाला. बायको शालू बाहेर जीपमध्ये बसली होती, तिनं रंगाचं मॅडमवर सोपवलं होतं. त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, तुमचंबी नवीनच झालं का लग्न? मी चहा अर्धा टाकून निघालो. (इथली खाडाखोड मोठी आहे, माफ करा.)

एवढं सगळं एकवेळ निभावलं असतं, पण घोटाळा झाला तो उंचीचा. शेवटच्या नकाशाला साक्षीनं विचारलं की घरात सैपाक कोण करतं आणि त्यांची उंची किती, कारण ओटा त्या बाईच्या कोपराच्या हिशोबानं खाली-वर घ्यावा लागतो. साधा प्रश्न होता. आपली आई चार फूट दहा इंच आहे हे अख्ख्या टेंभुर्णीला माहीत आहे. पण त्या वेळी साक्षी भांड्याच्या उंच कपाटाला टेकून उभी होती. त्या कपाटावर पाच फूट सहा असं छापलेलं, आणि तिचा भांग त्याच्या एकच इंच खाली येतो हे मला कितीतरी खेपांपासून पाठ झालेलं. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "पाच फूट पाच." तिनं लिहून घेतलं. मला वाटलं, दुरुस्त करावं. मंग वाटलं, दुरुस्त केलं तर पुढच्या खेपेला कारण उरणार नाही, ते तेव्हा करू. पुढच्या खेपेला मी विसरलो. खरं सांगतो, आत्या, विसरलो नाही. ती आपल्या ओट्यापाशी उभी आहे असं चित्र डोळ्यापुढं यायचं आणि त्या चित्रातून ओटा खाली घ्यायला जीव धजायचा नाही.

आता धर्मराज मिस्तरींची एक रीत आहे, ती मला कुणी आधी सांगितली असती तर हा अंगठा वाचला असता. प्लाय कापायच्या आधी ते घरी येतात, ठरलेल्या उंचीएवढ्या विटा रचतात, वर फळी टाकतात आणि घरातल्या बाईला त्या फळीवर उभ्यानं एक भाकर थापायला लावतात. भाकर नीट झाली तर प्लायला करवत लागते. (ते म्हणतात, एकदा त्यांनी विचारपूस न करता ओटा बसवला, तर त्या घरची बाई दोन वर्षं ओट्याखाली बसून सैपाक करत होती आणि वर नवऱ्याची दाढीची पेटी. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.) मागच्या रविवारी ते आले, सोबत साक्षी आली. तात्यांनी ठेवणीतला सदरा घातला, मी दोन वेळा तोंड धुतलं. मिस्तरींनी विटा रचल्या, फळी टाकली, आईनं पदर खोचला, काठवट वर ठेवली आणि फळीसमोर उभी राहिली.

आत्या, फळी आईच्या छातीला लागली. ती हात वर करून थापू लागली तेव्हा वाटत होतं, बाई भिंतीपलीकडच्या शेजारणीला भाकर देऊन राह्यली. पीठ कपाळाला, पीठ हनुवटीला. शेवटी आई शांतपणे म्हणाली, "मिस्तरी, चांगला हाय वटा. फक्त मला पाटावर पाट ठेवून वर चढावं लागंल. आन् वरसातून एकदा, बैलपोळ्याला, उतरावं लागंल." तात्यांनी कागद बघितला. "पाच फूट पाच? आपल्या घरात पाच-पाच कोन हाय?" मी म्हणालो, मी आहे. (मी पाच-सहा सांगत असतो, ते बूट धरून.) तात्या म्हणाले, "तू भाकरी करतो का?" मिस्तरींना वाटलं फळीच चुकली. ते म्हणाले, साक्षी, तू उभी राह्य बरं, तुझ्यावर बघू. साक्षी पुढं आली, आईच्या हातातला गोळा घेतला, थापू लागली. तिची कोपरं फळीच्या वर अशी बराबर आली जशी फळी तिचीच वाट बघत होती. थप थप थप. भाकर फिरत गेली, गोल झाली, तव्यावर गेली. मंग ती एकदम थांबली. तिनं फळीकडं पाहिलं, स्वतःच्या कोपराकडं पाहिलं, आणि माझ्याकडं पाहिलं. मंग सगळ्यांनीच माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात तव्यावरची भाकर टम्म फुगली.

अशा वेळी समजूतदार मुलगा काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. मला राग आला. कुणाचा, ते आजपर्यंत कळलं नाही. मी ओरडलो की ह्या विटाच खोट्या आहेत, आणि सगळ्यात खालच्या विटेला लाथ घातली. अनवाणी पायानं. वीट जागची हलली नाही, पण फळी वरून आली, काठवट आली, पिठाचा डबा आला, आणि तात्यांचा ठेवणीतला सदरा पांढरा झाला. मला मिस्तरींनी बाहेर बाजेवर नेऊन टाकलं आणि पाय बादलीत घातला. आत आई आणि साक्षी पीठ भरत होत्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, टेप ओढल्याचा आवाज तेवढा आला. मंग आईनं तिला ती फुगलेली भाकर ठेच्यासोबत वाढली, ती जोरात ठसकली, आणि तात्या पिठातून म्हणाले, "म्हनून म्हनतो, चिमनी पाहिजे."

जाताना साक्षी बाजेपाशी थांबली. तात्यांनी तेवढ्यात तिला माझा सगळा इतिहास सांगून टाकला होता. तिनं विचारलं, कॉलेज का सोडलं? मी सांगितलं की सर वर्गात बोलले की मागच्या बाकावरची पोरं शेतातच बरी, मी जर्नल टेबलावर फेकलं आणि जालन्याच्या स्टँडवरून मिळाली ती गाडी धरली. राजूर येईपर्यंत राग गेल्ता, पण तोवर तात्यांना फोन करून झाला होता की त्या कॉलेजची पायरी परत चढलो तर नाव बदलीन. साक्षीनं नीट ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "राग राजूरलाच गेल्ता ना? तिथून जालन्याची गाडी अर्ध्या तासाला असती." आणि ती गेली. आत्या, एवढ्या महिन्यांत मला कुणी एवढं साधं बोललं नव्हतं. रात्रंदिवस तेच ऐकू येतं. अंगठाही ठणकतो, पण तो वेगळा.

दोन दिवसांनी नवा नकाशा आला. ओट्याला आता दोन उंच्या आहेत. शेगडीची बाजू खाली, आईच्या मापाची, आणि भांडी घासायची बाजू मात्र उंच, पाच फूट पाचच्या मापाची. मिस्तरींनी फोनवर सांगितलं की साक्षीचं म्हणणं, त्या घरात तेवढ्या उंचीचं एक माणूस रिकामंच आहे, भांडी ते घासत जाईल. तात्यांनी हे शेजारी अप्पारावांना जाऊन सांगितलं. चिमणीपेक्षा त्यांना हेच जास्त आवडलेलं दिसतं. तर तुमच्या भाच्याच्या प्रेमाचं फळ असं मोरीच्या भांड्यात पडलेलं आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा (कागदावर तरी) शांत भाचा,
संघपाल

ता. क. – आत्या, खरं काम पुढेच आहे. सेकंड इयरला परत नाव घालायला पंधरा दिवस उरलेत. मला जायचं आहे. पण मी नाव बदलायची भाषा केलेली, आता आपल्या तोंडानं कसं म्हणू? म्हणून विनंती की येत्या रविवारी तुम्ही इकडं यावं आणि तात्यांच्या देखत मला कॉलेजवरून सणसणीत दटावावं. तात्यांना तुमच्यापुढं बोलायची सोय नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा दटावाल तेव्हा मी उलट बोलेन. दुसऱ्यांदा ताट सारून उठेन (मनावर घेऊ नये, जेवण आधी उरकलेलं असेल). तिसऱ्यांदा तुम्ही माझ्या आजोबांचं नाव काढावं, म्हणजे मी मान खाली घालीन. हे आपल्या दोघांतच राहू द्यावं.

ता. क. २ – साक्षीचा विषय तुम्ही अजिबात काढू नये. विषय निघालाच तर तिची भाकर अगदी गोल होते एवढं आईला आठवण करून द्यावी. आणि जाफराबादहून तुमची परतीची गाडी असेलच, तर त्या काचेच्या दुकानावरून जायला काही हरकत नाही.

आक्का, जयभीम. मी बेबीनंदा, तुमची भावजय. पोरगं पाकीट चिकटवायला भाताची शितं मागून राह्यलं होतं, म्हणून वाचलं. रविवारी नक्की या. दोनदाच दटवा, तिसऱ्या खेपेपर्यंत त्याच्यानं दम निघायचा न्हाई. वट्याची उंच बाजू मीच करून घेतली. पीठ भरताना त्या पोरीला म्हणलं, बाई, हिकडच्या बाजूला तुज्याच कोपराचं माप टाक. तिनं लगीच टेप लावून टाकला. भांड्याचं तिनं आपल्या मनानं जोडलं, ते मला लई आवडलं. त्याला आताच सांगू नका, न्हाईतर पुस्तक सोडून त्या वट्यापाशीच उभा राहील. चिमणी मी उतरवली, त्यात त्याची फी बसती. तात्यांना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतेत. आन् सगळे ड्रॉवर ते गप बसणारे घेतले, पण एक मी साधाच ठेवायला लावलाय. ती ह्या घरात आली, तर आदळायला तिलाबी काहीतरी लागंल.